सिग्नल पिवळा आणि पाठीशी डंपर

वाचकाचे पत्र :

मी इंदूरच्या तिलक नगरात राहतो. गेला पावसाळा संपल्यापासून विजय नगरच्या कचेरीत सायकलने जाऊ लागलो आहे. वाट रिंग रोडची आहे : बंगाली चौराहा, खजराना, रोबोट आणि मग रेडिसन, असे चौक लागतात. मागच्या आठवड्यात रेडिसनच्या सिग्नलजवळ पोचत असताना दिवा पिवळा झाला. मागे डंपर आहे हे आवाजावरून कळत होते. मी नियमाप्रमाणे ब्रेक दाबून थांबरेषेवर उभा राहिलो, पण डंपर थांबला नाही. प्रेशर हॉर्न वाजवीत तो माझ्या उजव्या कोपरापासून हातभर अंतरावरून लाल दिव्यातच निघून गेला. दुसऱ्या दिवशी रोबोट चौराह्यावर तसाच प्रसंग आला. त्या वेळी भीतीने मी थांबलो नाही, आणि चौकाच्या मध्यावर पोचतो न पोचतो तोच बाजूच्या गाड्या अंगावर आल्या. सौ. म्हणते, स्कूटर घ्या. मेहुणे म्हणतात, सायकलला नंबरप्लेट नाही, चलान येणार कुठून, सिग्नल पाहायचाच कशाला? मला दोघांचेही पटत नाही. अशा वेळी थांबावे की निघून जावे? माझी मुलगी नववीत आहे, तीही सायकलने शाळेत जायचे म्हणते. तिला काय सांगू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण वर्णन केलेले दोन्ही प्रसंग मी एकमेकांशेजारी ठेवून वाचले. एकदा आपण थांबलात आणि धोका मागून आला, एकदा निघून गेलात आणि तो बाजूने आला. त्यामुळे ‘थांबावे की निघून जावे’ याला मी एका शब्दात उत्तर दिले, तर निम्म्या वेळा ते आपल्याला अडचणीत टाकील. माझ्या मते या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे आणि खरा निर्णय तिथेच होतो : दिवा बदलेल त्या क्षणी आपण त्या डंपरच्या वाटेत असणार आहोत का? सिग्नलच्या पन्नासेक मीटर अलीकडे याची सोय लावलेली असेल, तर पिवळा दिवा लागल्यावर ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही. ती लावलेली नसेल, तर मात्र जो निर्णय शांतपणे घ्यायला हवा होता तो दीड-दोन सेकंदांत, कानाशी हॉर्न वाजत असताना घ्यावा लागतो, आणि तसा घेतलेला निर्णय बरोबर ठरला तरी तो नशिबाने ठरतो.

थोडे गणित मांडतो, कारण ते मांडल्याशिवाय पुढचे पटणार नाही. कचेरीला जाणारा माणूस सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटरच्या आसपास सायकल चालवतो, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दिवा बदललेला दिसून बोटे ब्रेकवर आवळली जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ५ मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, तोल न जाता थांबायला आणखी ४ ते ५ मीटर लागतात. याचा अर्थ, थांबरेषेपासून १० मीटरच्या आत असताना दिवा पिवळा झाला, तर रेषेअलीकडे नीट थांबणे सायकलस्वाराला जमत नाही. अशा वेळी न थांबता पुढे जाणे हेच योग्य आणि पिवळ्या दिव्याचा अर्थही तोच आहे : सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबा, रेषेच्या इतके जवळ आला असाल की थांबणेच धोक्याचे, तर जपून पुढे जा. दुसऱ्या टोकाला, पिवळा दिवा सुमारे तीन सेकंद राहतो असे धरले, तर तेवढ्या वेळात आपण १५ मीटर जाता. त्याहून दूर असाल तर लाल होण्याआधी रेषाही गाठता येणार नाही, तेव्हा तिथे थांबण्यावाचून पर्याय नाही. राहिला तो १० ते १५ मीटरांचा मधला पट्टा, ज्यात दोन्ही गोष्टी जमण्यासारख्या वाटतात, आणि फसगत होते ती इथेच.

कारण रेषा गाठणे म्हणजे चौक ओलांडणे नव्हे. रिंग रोडवरचा मोठा चौक रेषेपासून पलीकडच्या कडेपर्यंत ३० ते ४० मीटरांचा भरतो. ताशी ४५ किलोमीटरने जाणारी मोटार तो तीनेक सेकंदांत पार करते, आपल्याला सहा ते आठ सेकंद लागतात. पिवळा दिवा आणि त्यानंतर सर्व बाजूंना लाल ठेवण्याचा एखाद-दोन सेकंदांचा अवधी ही वेळ मोटारीच्या वेगाचा हिशेब करून बसवलेली असते, सायकल त्या हिशेबात नसते. त्यात टायमरची भर. बाजूच्या रस्त्यावरच्या दुचाकीस्वारांना आकडे उलटे मोजत जाताना दिसतात आणि तीनवर आकडा आला की त्यांची पुढची चाके झेब्राच्या पुढे सरकू लागतात. रोबोट चौराह्यावर आपल्या अंगावर आलेल्या गाड्या कदाचित हिरवा होण्याआधीच निघाल्या असतील. त्यांचे चुकलेच, पण ते रोज चुकणार आहेत हे गृहीत धरून आपल्याला चालवायचे आहे. म्हणून त्या मधल्या पट्ट्यात, मागे काही जड नसेल तर, थांबावे.

आता मागच्या डंपरचे गणित. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे त्याच्या दृष्टीने रेंगाळणेच, तरी तो सेकंदाला १० मीटर येत असतो. चालकाच्या लक्षात येईपर्यंत १० मीटर जातात, एअर ब्रेकमध्ये हवेचा दाब चाकांपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे आणखी ५ मीटर, आणि त्यानंतर भरलेली गाडी थांबायला १० ते १२ मीटर. एकूण पंचवीसच्या पुढे. तो आपल्या मागे ८-१० मीटरवर असताना आपण १० मीटरांत थांबलात, तर त्याच्यापाशी थांबायला २० मीटरच असतात. म्हणजे तो चालक कितीही सज्जन असला आणि पिवळा दिवा त्यानेही त्याच क्षणी पाहिला असला, तरी त्याला आपल्या मागे थांबता येत नाही. तो बाजूला काढील किंवा धडकेल. मागच्या वाहनाने पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक होणार नाही इतके अंतर ठेवावे, असा नियम आहे आणि तो डंपरला पुरेपूर लागू आहे. विनाकारण अचानक ब्रेक मारू नये असाही नियम आहे. पण अंतर राखण्याचा नियम पाळला गेला नाही तर त्याची किंमत पुढच्याला मोजावी लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेल्याची नोंद आहे, आणि टक्कर कशी झाली या वर्गवारीत मागून बसलेल्या धडकांचा वाटा सर्वांत मोठा आहे. रेडिसनपाशी आपण जे केलेत ते कायद्याने निर्दोष होते. त्यात उणीव होती ती एवढीच की आपण थांबणार आहोत हे मागच्याला आधी कळले नव्हते आणि आपण नेमके त्याच्या चाकोरीत उभे राहिलात.

मग करायचे काय? सिग्नल दिसू लागला की पहिली नजर दिव्याकडे आणि दुसरी मागे टाकावी. हँडलच्या उजव्या टोकाला लावायचा लहानसा आरसा सायकलच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो लावाच, मात्र मान वळवून पाहणे त्याने सुटत नाही, कारण आरशात मागचे वाहन असते त्याहून दूर वाटू शकते. हिरवा दिवा आपण पाहिल्यापासून बराच वेळ हिरवाच असेल, किंवा टायमर दहाच्या खाली आला असेल, तर तो आपल्या पोचण्याआधी बदलणार असे धरून चालावे. इथे बहुतेक सायकलस्वार उलटे करतात. आकडे कमी होताना दिसले की जोर लावून पॅडल मारतात, आणि मागे डंपर असेल तर दोघेही एकाच वेळी, एकाच हिरव्या दिव्यामागे धावू लागतात. आपण मात्र पन्नास मीटर अलीकडेच पॅडल मारणे थांबवावे आणि डावी कड धरून मागचे मोठे वाहन पुढे जाऊ द्यावे. ते चौकाआधीच पुढे गेले की ते थांबो किंवा लाल दिवा तोडो, आपला त्याच्याशी संबंध संपला. या एका सवयीने आपल्या पत्रातले दोन्ही प्रसंग टळले असते असे मला वाटते. वेळ जातो तो पाच-सात सेकंदांचा.

डावी कड धरायची म्हणजे ऐन वेळी वळायचे नव्हे. सावकाश, सरळ रेषेत, मागच्याला कळेल अशा बेताने सरकायचे. त्याआधी हाताने इशारा करावा : उजवा हात बाजूला लांब करून, तळवा जमिनीकडे ठेवून वर-खाली हलवला की ‘वेग कमी करतो आहे’, आणि कोपरातून हात वर उभा केला की ‘थांबतो आहे’. हे इशारे गाडीच्या परवान्यासाठी शिकवले जातात आणि परवाना खिशात आला की विसरले जातात, परंतु जुन्या ट्रकचालकांना ते अजून चांगले समजतात. इशारा दिल्यावर मगच दोन्ही हात ब्रेकवर आणावेत. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताशी बहुधा पुढचा ब्रेक असतो. उजवा हात हवेत असताना घाईने फक्त डावा दाबला, तर मागचे चाक घसरते आणि थांबायला लागणारे अंतर वाढते. पावसात तर रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत ब्रेक धरतच नाही, तेव्हा वर मांडलेले सगळे आकडे त्या दिवसांत दुप्पट समजावेत.

आणि इतके करूनही कधीतरी अडकायला होईलच. दिवा पिवळा, मागे हॉर्न, वेग कमी होण्याचे लक्षण नाही. रेषेच्या १० मीटरच्या आत असाल तर ब्रेकला हात न लावता सरळ पुढे जावे आणि डोळे बाजूच्या रस्त्यावर ठेवावेत. त्याहून दूर असाल, तर लोक विसरतात असा तिसरा मार्ग मोकळा असतो : डावीकडे रस्त्याबाहेर पडावे. रिंग रोडला बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस रोड आहे, नसेल तिथे कडेची मातीची पट्टी असते, फुटपाथची उतरती कड असते, एखाद्या दुकानासमोरची फरशी असते. तिथे पाय टेकून उभे राहण्यात कसलाही कमीपणा नाही. तीही सोय नसेल आणि आपण रेषेपर्यंत ढकलले गेलात, दिवा लाल झाला आणि मागचा थांबत नाही हे स्पष्ट दिसत असेल, तर समोरचा चौक न ओलांडता डावीकडे वळून घ्यावे. डावे वळण घेतल्याने आपण डंपरच्याही वाटेतून बाहेर येता आणि बाजूने सुटणाऱ्या गाड्यांच्याही समोर जात नाही. वीस-तीस मीटर पुढे जाऊन, उतरून, झेब्रावरून चालत परत यावे. लाल दिव्यात रेषा ओलांडली म्हणून मनाला लावून घेऊ नये, कारण जीव वाचवण्यापुरती ती ओलांडणे वेगळे आणि वेळ वाचवण्यासाठी अख्खा चौक कापणे वेगळे.

आपण विचारलेले नाही, पण माझ्या दृष्टीने पिवळ्या दिव्यापेक्षाही अधिक घातक असलेली एक वेळ आहे, आणि त्यावर मी थोडे रेंगाळणार आहे. लाल दिव्यात सगळे उभे असतात, कोणाला घाई दिसत नाही, सायकलस्वार फटीतून पुढे सरकत जाऊन बसच्या किंवा काँक्रीट मिक्सरच्या गाडीच्या डाव्या बाजूला पाय टेकून उभा राहतो, आणि दिवा हिरवा होतो. कोणा ओळखीच्या ट्रकवाल्याला विचारून एकदा उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये, चालकाच्या जागेवर बसून पाहा. आसन रस्त्यापासून माणसाच्या उंचीवर असते. काचेतून समोर पाहिले की दूरचा रस्ता लख्ख दिसतो, पण काचेच्या खालच्या कडेपासून बंपरच्या पुढचे काही पाऊल रस्ता गायबच असतो. तिथे उभ्या असलेल्या सायकलस्वाराचे फार तर हेल्मेट दिसेल, तेही तो सरळ बसला असेल तर. डावीकडे, ज्याला ट्रकवाले क्लीनर साइड म्हणतात, तिथली खिडकी चालकापासून सात-आठ फूट दूर असते, आणि तिच्या खालच्या दारापलीकडे काय आहे हे फक्त आरसा सांगतो. त्या आरशावर धूळ बसलेली असते, नाहीतर समोर देवाच्या तसबिरीची झालर लोंबत असते. क्लीनर सोबत असेल तर तो डोके बाहेर काढून पाहतो, नसेल तर त्या बाजूला कोणीच पाहात नाही. लंडनसारख्या शहराला ही गोष्ट इतकी गंभीर वाटली की २०२१ पासून तिथे १२ टनांहून जड ट्रकला, चालकाला खिडकीतून प्रत्यक्ष किती दिसते हे तपासून मगच शहरात फिरण्याचा परवाना मिळतो.

त्यात लांब वाहन वळते कसे हे समजून घेतले पाहिजे. डावीकडे वळणारी बस आधी थोडी उजवीकडे झुकते, त्यामुळे तिच्या डाव्या बाजूला जागा मोकळी होते आणि सायकलस्वाराला वाटते की आपल्याला वाट दिली. प्रत्यक्षात पुढची चाके जिथून जातात तिथून मागची जात नाहीत, ती आतून, कोपरा कापत येतात, आणि ती मोकळी जागा बघता बघता फुटपाथच्या कडेपर्यंत मिटत जाते. सिग्नलला डावीकडे वळणाऱ्या वाहनाच्या पोटाशी कधीही उभे राहू नये, मग त्याचा इंडिकेटर लागलेला असो वा नसो. आपल्या शहरातल्या चौकांत डावे वळण बहुधा मोकळे असते. तिथे डावी कड धरून रेषेपर्यंत गेलात तर मागून ‘लेफ्ट छोड़ो’ असा गलका होतो, आणि माणूस ओशाळून नको तिथे सरकतो. म्हणून रेषेला जाऊन चिकटण्यापेक्षा, सरळ जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेतच एखाद्या मोटारीच्या मागे, तिची जागा घेऊन, मोटारीसारखेच उभे राहावे. मोठे वाहन आधीच उभे असेल तर त्याच्या मागे थांबावे, त्याच्या बाजूने पुढे सरकू नये, टायमरवर साठ सेकंद दिसत असले तरी नाही.

आपण रेषेवर आधी पोचलात आणि मोठे वाहन मागून येऊन थांबले, तर मात्र मागे वळून चालकाचा चेहरा शोधावा. तो दिसला तर त्यालाही आपण दिसतो आहोत, एक हात वर केला की पुरे. चेहरा दिसत नसेल, नुसता बंपर आणि लोखंडी जाळी दिसत असेल, तर आपण त्याच्या लेखी तिथे नाही असे समजून काही पावले पुढे, त्याच्या डोळ्यांसमोर येऊ इतके सरकावे, किंवा सायकल उचलून बाजूला घ्यावी. आपल्याभोवती वीस-पंचवीस दुचाकी उभ्या असतात, त्यांच्या गर्दीत सुरक्षित वाटते. हिरवा होताच त्या दोन सेकंदांत निघून जातात आणि बंपरपुढे उरते ती एकटी सायकल, पॅडलवर पहिला जोर लावणारी. चालकाची नजर तोवर त्या गेलेल्या दुचाकींबरोबर लांब गेलेली असते. यावर उपाय साधा आहे. थांबण्यापूर्वीच हलका गिअर टाकून ठेवावा, एक पॅडल वर उचललेले ठेवावे, आणि निघण्याआधी पाठीमागे कान द्यावा. एअर ब्रेकवरचा पाय निघाला की हवा सुटल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो. तो हँडब्रेक ओढतानाही येतो हे खरे, पण लाल दिवा संपत आला असताना तो आला तर मागची गाडी आता हलणार असेच समजावे.

मेहुण्यांचे म्हणणे आता पाहू. सायकल हे मोटार वाहन नाही, तिला नोंदणी नाही, परवाना नाही, आणि लाल दिवा तोडल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली मोटारचालकाला जो १,००० ते ५,००० रुपयांचा दंड किंवा कैद होऊ शकते, ती सायकलस्वाराला त्या कलमाने होत नाही. कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसत नाही हेही खरे. पण उद्या काही झाले आणि मामला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गेला, तर सायकलस्वाराने लाल दिवा तोडला होता ही गोष्ट चौकाच्या त्याच कॅमेऱ्यात असेल, आणि जखमी माणसाचाही दोष होता असे ठरले की भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मिळणारी रक्कम १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार आहे. मेहुण्यांना हे आकडे जेवणाच्या पानावर सांगू नयेत, पण सांगावेत. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सायकलस्वाराला ‘थांबा’ असे लिहिलेल्या पाटीपाशी पूर्ण न थांबता, वाट देऊन पुढे जाण्याची मुभा १९८२ पासून आहे, असे त्यांनी कुठे वाचले असेल तर त्याचेही उत्तर सांगून ठेवतो : ती मुभा तिथल्या कायद्याने दिलेली आहे आणि समोरून कोणी येत नसेल तेव्हासाठी आहे. आपल्या रिंग रोडवर सकाळी दहाला समोरून कोणी येत नाही अशी वेळ येत नाही.

सौभाग्यवतींच्या सल्ल्याबद्दल एवढेच म्हणेन की स्कूटरने पिवळ्या दिव्याचे गणित थोडे सोपे होते, डंपरचे होत नाही. त्यापेक्षा रस्ता बदलता येतो का ते पाहावे. तिलक नगरातून साकेत, अनूप नगर, एलआयजी असे आतून विजय नगरला जाता येते. चौक जास्त लागतात, वेळ थोडा अधिक लागतो, पण जड वाहने फारच कमी भेटतात. रिंग रोडच हवा असेल तर सर्व्हिस रोड जिथे जिथे आहे तिथे तो सोडू नये. आणि तोच डंपर किंवा त्याच ठेकेदाराचे डंपर त्याच वेळेला त्याच सिग्नलवर दिवा तोडताना दिसत असतील, तर तारीख, वेळ आणि चौक लिहून वाहतूक पोलिसांकडे लेखी द्यावे. बांधकामाच्या गाड्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, त्यामुळे वेळ कळली की पोलिसांना गाडी सापडते. नंबर टिपण्यासाठी रस्त्यात मोबाइल काढू नये.

राहिली आपली मुलगी. नववीतल्या मुलीला मागचे वाहन, त्याचा वेग आणि पिवळा दिवा हे तिन्ही एकाच वेळी जोखायला सांगू नये. ते मोठ्यांनाही सहज जमत नाही, आणि मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट ओळखता येत नाही. तिच्यासाठी नियम एकच ठेवावा : सिग्नलचा चौक आला की अलीकडेच कडेला उतरायचे, सायकल हातात धरायची आणि पायी चालणाऱ्यांबरोबर झेब्रावरून पलीकडे जायचे, दिवा हिरवा असला तरी. मैत्रिणी हसतील, त्याची तयारी आधीच करून घ्यावी. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा सायकलला लावून द्यावा, दप्तर पाठीवर न ठेवता कॅरिअरला बांधावे म्हणजे मान वळवून मागे पाहता येते. शाळेचा रस्ता आधी एखाद्या रविवारी सकाळी दोघांनी मिळून जाऊन पाहावा, कोणत्या चौकात कुठे उतरायचे ती जागा खांब, झाड किंवा दुकानाची पाटी अशा खुणेने ठरवावी. पुढे शाळेच्या दिवशी काही काळ आपण सोबत जावे, पण पुढे राहून वाट दाखवू नये. तिच्या मागे, उजव्या अंगाला थोडे बाहेर राहून सायकल चालवावी, म्हणजे मागच्या वाहनाला आधी आपण दिसाल आणि ती कुठे चुकते ते आपल्याला दिसेल.